डिकीतली स्टेपनी परत द्या

प्रति,
भारतात मोटारगाड्या बनवणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक, अभियंते आणि विक्री विभागप्रमुख यांस,



मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात रोहणा या गावी राहतो. घरची शेती आहे, कापूस आणि तूर घेतो. मागच्या वर्षी आम्ही विजेवर चालणारी गाडी घेतली. गाडी चांगली आहे, हे आधीच सांगतो. घरी चार्ज होते, आवाज करत नाही आणि पेट्रोलचा खर्च वाचतो तो खरोखर वाचतो. तिच्यात स्टेपनी नाही, एवढ्याच कारणासाठी हे पत्र लिहितो आहे. तक्रार एका कंपनीपुरती नाही, म्हणून नाव लिहीत नाही. आता अनेक कंपन्यांच्या विजेच्या गाड्यांत आणि काही सीएनजी गाड्यांतही स्टेपनी मिळत नाही. डिकीचा गालिचा उचलला की एक बाटली, एक नळी आणि हवा भरायचा छोटा पंप दिसतो. बस.

माझ्या वडिलांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. वर्ध्याला सकाळी सातची पाळी. मशिने मोजकी आणि पेशंट जास्त, त्यामुळे एकाला उशीर झाला की मागच्या सगळ्यांची वेळ सरकते. आम्ही पहाटे पाचला निघतो.

नोव्हेंबरातली गोष्ट आहे. कापूस बाजारात न्यायचे दिवस. पुलगाव रस्त्याला लागून दहा मिनिटे झाली असतील, समोरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर आला. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी कापूस बाहेर आलेला. त्याला वाट द्यायला मी डावी चाके साइडपट्टीवर उतरवली. आमच्याकडचे रस्ते नवे झाले, उंच झाले, पण साइडपट्टीवर मुरूम पडला नाही, त्यामुळे रस्त्याची कड वीतभर उघडी राहते. परत वर चढताना ती कड टायरच्या बाजूला घासली. पडद्यावर डावे पुढचे चाक लाल झाले आणि दोनशे फुटांत गाडी बसली.

मोबाइलच्या उजेडात पाहिले. टायरच्या बाजूला दोन बोटे जातील एवढी चीर. तरी बाटली पंपाला जोडली, नळी व्हॉल्व्हला लावली, पंप सुरू केला. आकडा सातपर्यंत चढला, मग तीनवर आला आणि तिथेच थांबला. चिरेतून पांढरा, दुधासारखा चिकट द्रव बाहेर येऊन रिमवरून मातीत गळत होता. तो हाताला लागला तो दुपारपर्यंत निघाला नाही. नंतर पुस्तिका उघडली. त्यात लिहिलेच होते, इंग्रजीत आणि बारीक अक्षरात: जमिनीला टेकणाऱ्या भागातले चार मिलिमीटरपर्यंतचे भोकच या द्रवाने बुजते, बाजूची चीर बुजत नाही. वडील मागच्या सीटवर घोंगडी घेऊन बसले होते. त्यांनी एकदाच विचारले, "किती वाजले?"

मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी नम्र होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. तिने पिनकोड विचारला, जवळची खूण विचारली, नकाशावरचे ठिकाण पाठवायला सांगितले. रेंज दोनदा तुटली. शेवटी ती म्हणाली, गाडी उचलून नेणारे वाहन नागपूरहून निघेल, तीन ते चार तास लागतील.

गावातून शेजारी आपली पंधरा वर्षांची जुनी गाडी घेऊन आला. त्याच्या डिकीत स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. पण त्याचे चाक माझ्या गाडीला बसत नव्हते. नटांची भोके जुळत नाहीत, मापही वेगळे. तो वडिलांना घेऊन गेला. ते आठनंतर पोहोचले आणि त्या दिवशी त्यांना चार तासांऐवजी अडीच तास मशीन मिळाले. मी गाडीपाशी थांबलो. साडेदहाला उचलायचे वाहन आले. त्या मापाचा टायर वर्ध्यात नव्हता, तो दुसऱ्या दिवशी नागपूरहून मागवावा लागला. स्टेपनी असती तर वीस मिनिटांत निघालो असतो. तसे मी आयुष्यात अनेकदा केले आहे, पावसातही.

आता माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार विकण्याच्या पद्धतीची आहे. गाडी दाखवताना मला छतातली काच उघडून दाखवली, पडद्याचा आकार सांगितला, गाणी कशी लागतात ते दाखवले. स्टेपनी नाही हे कोणी सांगितले नाही. मी विचारले नाही, हेही खरे. पण गाडीत चार चाके आहेत का हे कोणी विचारत नाही. पाचवे चाक आहे का हे मात्र विचारायचे असते, हे आमच्या पिढीला ठाऊक नव्हते. गाडी ताब्यात देताना चावी दिली, हार घातला, फोटो काढला. त्या अर्ध्या तासात पाच मिनिटे बाटली कशी जोडायची हे दाखवता आले असते. बाटलीवर मुदत छापलेली असते आणि ती संपली की नवी घ्यावी लागते, हे मला अपघातानंतर कळले. एकदा वापरली की बाटली संपली, हेही तेव्हाच. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि गाडी उन्हात उभी असते. त्या डिकीत हा द्रव किती वर्षे टिकतो, हे मराठीत स्पष्ट लिहून द्या.

दुसरी तक्रार हत्यारांची. स्टेपनी काढलीत तेव्हा तिच्याबरोबर जॅक आणि व्हील पानाही काढलात. म्हणजे कोणी तंतोतंत बसणारे चाक आणून दिले असते तरी मला ते लावता आले नसते. ही बचत किती रुपयांची असेल? त्यातही सर्व्हिस सेंटरमध्ये नट हवेच्या मशिनने असे आवळतात की शेजाऱ्याचा पाना लावून वर उभे राहिले तरी ते हलत नाहीत. अलॉय चाकांना एक नट वेगळ्या किल्लीचा असतो, ती किल्ली कोठे ठेवली आहे हे मालकाला माहीत नसते.

स्टेपनी या शब्दाचाच इतिहास पाहा. पहिल्या मोटारींना जादा चाक नसायचे. पंक्चर झाले की चालक रस्त्याच्या कडेला बसून टायर काढायचा, ट्यूबला ठिगळ लावायचा, परत चढवायचा. वेल्समधल्या लानेथ्ली या गावात डेव्हिस बंधूंचे दुकान स्टेपनी नावाच्या रस्त्यावर होते. त्यांनी 1904 मध्ये जादा चाक काढले आणि त्याला रस्त्याचे नाव दिले. तिकडे तो शब्द मागे पडला, आपल्याकडे मात्र गॅरेजपासून शेतापर्यंत अजून रोजचा आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही सोय होती. तुम्ही आम्हाला 1904 च्या आधी नेऊन ठेवले आहे. त्या काळच्या चालकाकडे निदान हत्यारे आणि ठिगळ होते. टायरची बाजू फाटली तेव्हा माझ्याकडे फक्त फोन होता.

स्टेपनी कायद्यामुळे काढावी लागली, असे नंतर शोरूममध्ये मला सांगण्यात आले. ते खरे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झाली. चालक सोडून आठपर्यंत प्रवासी नेणाऱ्या, साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल, तर स्टेपनी बंधनकारक राहणार नाही, असे ती दुरुस्ती सांगते. बंधनकारक नाही, एवढेच. काढा असे कोणी म्हटलेले नाही. विजेच्या गाडीत मोठ्या बॅटरीला जागा मिळावी, असे कारण तेव्हा सरकारने दिले होते. ते कारण मला पटते. बॅटरी तळाशी असते, सीएनजीच्या टाक्या डिकीच्या तळाशी जातात, चाकाला खड्डा उरत नाही. सुमारे पंधरा किलोचे चाक रोज वाहून नेण्यात वीज जाते, हेही मान्य. ज्याचे सगळे आयुष्य पुण्याच्या एका भागात जाते आणि दर किलोमीटरला पंक्चरचे दुकान आहे, त्याला स्टेपनी नको असेल तर त्याच्यावर लादू नका.

पण रोहण्याच्या रस्त्यावर टायरला काय लागते, ते एकदा येऊन पाहा. बाभळीचा काटा लागतो. कुंपणाला लावलेल्या काट्या पावसात वाहून रस्त्यावर येतात. बैलाच्या पायातून निघालेल्या पत्रीचा खिळा लागतो. ही दोन्ही पंक्चर तुमच्या बाटलीने थांबतील, आणि आमचा गावचा पंक्चरवाला तर ती बाटलीविनाच दोन मिनिटांत काढतो. आम्हाला खरे भय आहे ते कडेच्या घासण्याचे, पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या खड्ड्याचे आणि पसरून ठेवलेल्या धारदार गिट्टीचे. त्यांनी टायरची बाजू जाते. तिथे बाटलीचा काही उपयोग नाही. म्हणजे आमच्याकडे ज्या प्रकारासाठी स्टेपनी लागते, नेमका तोच प्रकार तुमच्या किटने सुटत नाही.

माझा फाटलेला टायर मी गावच्या पंक्चरवाल्याला दाखवला. त्याने हात फिरवला आणि म्हणाला, "काटा रायला असता तं दोन मिन्टात काढला असता भाऊ, याची तं साईडच कटली." मग त्याने मला विचारले, या गाडीला जॅक लावायचा तरी कोठे? खाली सगळी बॅटरी आहे, चुकीच्या जागी लावला तर? हा माणूस तीस वर्षे या कामात आहे आणि त्याला भीती वाटते. त्याला दोष नाही. तुम्ही गाडी गावात पाठवलीत, ती उचलायची कशी हे त्याला कोणी सांगितले नाही. जॅकच्या चार जागांवर ठळक खूण असावी, एवढी साधी गोष्ट आहे. किटचा द्रव भरलेला टायर आला की तो आतून पुसावा लागतो, दाब मोजणारा सेन्सर साफ करावा लागतो, तो निघताना तुटू शकतो. तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एक दिवस पंक्चरवाल्यांना बोलवा आणि हे शिकवा. तुमच्या गाडीची खरी सेवा आमच्याकडे तेच करतात.

आता महामार्गाचे. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून जातो, विरूळला त्यावर चढता-उतरता येते. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता 5 जून 2025 पासून. मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, मधे गाव लागत नाही. तिथे टायर गेला तर गावातून माणूस हाक मारून येत नाही. 29 डिसेंबर 2024 च्या रात्री वाशीम जिल्ह्यात मालेगाव आणि वनोजा या टोलनाक्यांच्या दरम्यान लोखंडी फलक रस्त्यावर पडला आणि पन्नासहून अधिक गाड्या पंक्चर झाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. थंडीच्या रात्री कुटुंबे मदतीची वाट पाहत बसली होती. 9 सप्टेंबर 2025 च्या रात्री छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात रस्त्याच्या भेगा भरण्यासाठी बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांवरून गेलेल्या गाड्यांचे टायर फुटले. लोकांना आधी वाटले, कोणी लुटण्यासाठी खिळे ठोकले. मग रस्ते विकास महामंडळाने खुलासा केला. अशा जागी एका गाडीची दोन-दोन चाके जातात, तेव्हा एक स्टेपनीही पुरत नाही, हे मला कळते. पण एक चाक गेलेल्या गाडीवाल्याने स्वतःच्या हाताने चाक बदलून निघून जाणे आणि त्याने रात्रभर त्याच रांगेत बसणे, यात फरक आहे. स्टेपनी असलेली प्रत्येक गाडी मदतीच्या रांगेतून एक नाव कमी करते.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा.

ज्या गाडीत जागा आहे तिच्यात स्टेपनी द्या. जागा नसेल तिथे मागणाऱ्याला पैसे घेऊन द्या: बारीक, कमी वेगाची असली तरी चालेल, ताशी ऐंशीने वर्ध्याला पोहोचता येते. डिकीत बसत नसेल तर ती बांधायला पट्टे आणि हूक द्या, नाहीतर मोठ्या गाड्यांसारखी खाली टांगता येईल का, ते पाहा. रिम आणि टायर त्याच मापाचे, कंपनीच्या दुकानात, गाडीच्या किमतीच्या यादीत लिहिलेले हवे. सध्या ते मिळवायला सुट्या भागांच्या काउंटरवर तीन फेऱ्या माराव्या लागतात आणि वॉरंटीबद्दल कोणी लेखी बोलत नाही.

स्टेपनी असो वा नसो, जॅक आणि पाना प्रत्येक गाडीत हवाच.

गाडीत स्टेपनी नाही, हे वाक्य जाहिरातीत आणि पावतीवर मराठीत, ठळक अक्षरांत छापा आणि त्याखाली ग्राहकाची सही घ्या. इतक्या सह्या घेता, ही एक आणखी.

मदतीच्या सेवेचा कागद जिल्ह्याप्रमाणे द्या. आर्वी तालुक्यात किती वेळात वाहन पोहोचेल, ते लिहा आणि त्याला बांधील राहा. आणि प्रत्येक वेळी गाडी उचलून न्यायचीच कशाला? मदतीच्या वाहनात तुमच्या खपणाऱ्या मापांची दोन-तीन जादा चाके ठेवली, ग्राहकाला एक चाक लावून दिले आणि आठवड्यात परत घेतले, तर त्याची सकाळ वाचेल. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट अशा ठिकाणी टायर दुकानदाराशी करार करून हे होऊ शकते. नागपूरच्या एका वाहनावर चार जिल्हे चालवू नका.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयालाही याच पत्रात हात जोडून विचारतो. 2020 ची सवलत देताना किट आणि दाबाची यंत्रणा ही अट घातली होती. तिला आणखी एक अट जोडा: स्टेपनी विकत घेण्याचा पर्याय प्रत्येक ग्राहकाला मिळालाच पाहिजे. आणि राज्याच्या रस्ते विकास महामंडळाला विनंती, की विरूळसारख्या प्रत्येक इंटरचेंजवर चोवीस तास चालणारे टायरचे दुकान असावे, आणि गावच्या रस्त्यांची साइडपट्टी भरण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी रस्त्याचे बिल साइडपट्टी भरल्यावरच काढावे. माझा टायर त्या उघड्या कडेने फाटला.

कोणी म्हणेल, इतकी अडचण असेल तर रेल्वेने किंवा एसटीने जा. पुलगाव ते आर्वी या वाटेने इंग्रजांच्या काळापासून नॅरोगेज गाडी धावत होती, ती केव्हाच बंद झाली. एसटी आहे, पण सातच्या पाळीला वर्ध्यात सोडणारी नाही. गाडी ही आमच्या घरात हौस म्हणून आली नाही.

सध्या मी एक जुळणारे चाक स्वखर्चाने मिळवले आहे. रिम एका ठिकाणचा, टायर दुसऱ्या ठिकाणचा. ते डिकीत दोरीने बांधून ठेवले आहे, शेजारी बाजारातून आणलेला जॅक आणि लांब दांड्याचा पाना. वडिलांची व्हीलचेअर आता डिकीत मावत नाही, ती मागच्या सीटवर घ्यावी लागते, म्हणून ते पुढे बसतात आणि आई घरी थांबते.

बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल, हे मी समजू शकतो. पहिल्या मागणीला लागणार नाही. पैसे घेऊन का होईना, तुम्ही आम्हाला स्टेपनी देणार की नाही, एवढे आपापल्या कंपनीतर्फे जाहीरपणे, मराठीत कळवावे. आणि ज्यांना अजून गाडी घ्यायची आहे, त्या वाचकांना सांगतो: पैसे भरण्याआधी डिकीचा गालिचा स्वतः उचलून पाहा.

कळावे,

आपला विश्वासू,
एक गाडीमालक
मु. पो. रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा